आड भरलेला, पोहरा गळका

दिवाळीचा अंक उघडून आपण निवांत बसता तेव्हा डोक्यावर दिवा जळत असतो, आणि तो जळतो आहे ह्याकडे आपले लक्षही नसते. तसेच असावे. चांगल्या विजेची खूण हीच, की तिची आठवण होत नाही. मला मात्र एका जून महिन्यातल्या रात्री साडेदहापासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तिची आठवण मिनिटामिनिटाला होत होती.

मी चिपळूणला राहते. तेहतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. माझी आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. तिची फुप्फुसे आता थकली आहेत, म्हणून रात्री तिला हवेतून प्राणवायू वेगळा काढून देणारे यंत्र लावावे लागते. यंत्र लहानच आहे, शाळेच्या दप्तराहून थोडे मोठे. रात्रभर घुर्र घुर्र करीत असते. त्या आवाजाची इतकी सवय झाली आहे, की तो थांबला म्हणजे जाग येते.

त्या रात्री तो थांबला. पाऊस आज येतो की उद्या अशी हवा होती. पान हलत नव्हते, अंगाची लाही होत होती. खिडकीतून पाहिले तर आमच्या आणि आजूबाजूच्या तिन्ही इमारती काळ्याठिक्कर. "लाईट गेली वाटतं," कोणीतरी गॅलरीतून म्हणाले, आणि चार इमारतींतून एकच सुस्कारा निघाला.

घरात अडीअडचणीसाठी प्राणवायूचे एक नळकांडे ठेवलेले होते. ते आईला जोडले आणि मास्तरणीच्या सवयीने गणित मांडले. नळकांड्यात दीड हजार लिटर, आईला मिनिटाला दोन लिटर. म्हणजे साडेसातशे मिनिटे, साडेबारा तास. सकाळी अकराच्या आत वीज आली नाही, तर पुढे काय करायचे ह्याचे उत्तर मजपाशी नव्हते.

आमच्या भागाचा वायरमन माझाच विद्यार्थी. त्याने तीन वेळा फ्यूज बांधला. तीनही वेळा तो पाच-दहा मिनिटांत गेला. चौथ्या वेळी मोठा आवाज झाला आणि कोपऱ्यावरच्या डीपीतून धूर निघाला. तो खालून ओरडला, "बाई, डीपीच गेली! दुसरी आणावी लागेल. सकाळ होणार."

मी वर जाऊन आईपाशी बसले. अंधारात तिचे डोळे उघडेच होते. नळीतून श्वास घेत ती म्हणाली, "आपल्या पोफळीला असेल का गं वीज?"

पोफळीची पोर

हा प्रश्न तिने का विचारला ते सांगायचे तर साठ वर्षे मागे जावे लागेल.

पोफळी म्हणजे सुपारीचे झाड. त्या झाडाच्या नावाचे हे गाव चिपळूणपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर, कऱ्हाडच्या रस्त्याला, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी आहे. समोर सह्याद्रीचा कडा उभा, आणि त्या कड्याच्या पोटात कोयनेचे वीजगृह. अप्पा, म्हणजे माझे वडील, तेथे फिटर होते. आई लग्न होऊन दोन वर्षांची मला कडेवर घेऊन पोफळीला आली तेव्हा बोगद्यांचे काम जोरात चालले होते. सुरुंगांच्या आवाजाने चुलीवरचे दूध हिंदकळायचे, असे ती सांगते.

खंडेनवमीला कामगारांच्या घरच्यांना आत नेत. मी सात-आठ वर्षांची असताना अप्पांचे बोट धरून पहिल्यांदा गेले. डोंगरात शिरणारा लांबच लांब रस्ता, ओल्या भिंती, आणि मग एकाएकी देवळाच्या सभामंडपाहून कितीतरी मोठे, लखलखीत दालन. यंत्रांना झेंडूच्या माळा घातलेल्या. जमीन पायाखाली बारीक थरथरत होती. मी अप्पांना विचारले, "हे कोण हलवतंय?" ते म्हणाले, "वर धरणात पाणी आहे ना, ते."

पुढे मी हेच उत्तर तेहतीस वर्षे मुलांना शिकवले, तरी त्यातले नवल संपले नाही. कोयना नदी उगम पावते महाबळेश्वरी, वाहते दक्षिणेकडे, मग पूर्वेला वळून कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. परंतु वाटेत ती सह्याद्रीच्या ऐन कड्याजवळून जाते. कड्याच्या वर नदी, आणि खाली लगेच कोकण! तेव्हा नदी अडवावी, डोंगरात बोगदा खोदून पाणी पश्चिमेला वळवावे आणि कड्यावरून खाली सोडावे, ही ती कल्पना. टाटांनी खोपोलीचे वीजगृह १९१५ साली चालू केले. त्याच काळात कोयनेचीही पाहणी झाली होती, पण ती योजना मागे पडली. स्वातंत्र्यानंतर १९५४ साली काम सुरू झाले, जागतिक बँकेने १९५९ साली अडीच कोटी डॉलरचे कर्ज दिले, आणि मे १९६२ मध्ये पोफळीचे पहिले यंत्र फिरू लागले.

आज पहिल्या दोन टप्प्यांची मिळून ६०० मेगावॅट, अलोऱ्याच्या तिसऱ्या टप्प्याची ३२०, डोंगराच्या पोटातल्या चौथ्या टप्प्याची १,००० आणि धरणाच्या पायथ्याची ४०, अशी कोयनेची एकूण शक्ती १,९६० मेगावॅट आहे. हे आकडे मोठे आहेत, म्हणून ते मनात भरत नाहीत. मी मुलांना एक लहान हिशेब सांगत असे. आपल्या गच्चीवर हजार लिटरची पाण्याची टाकी असते. ती कोयनेच्या बोगद्यातून पोफळीला सुमारे पावणेपाचशे मीटर खाली उतरवली, तर किती वीज मिळेल? साधारण एक युनिट. एका टाकीला एक युनिट!

आईचे यंत्र रात्रभरात तीन युनिट खाते. म्हणजे तिच्या रात्रीच्या श्वासाला तीन टाक्या पाणी. शेजारच्या खोलीतल्या वातानुकूलन यंत्राला आठ टाक्या. त्या काळ्याकुट्ट रात्री मी हेच मोजीत बसले होते. वरती शिवाजीसागराला शंभर टीएमसीहून अधिक पाणी मावते. तिकडे आड एवढा मोठा, आणि आमच्या घरात थेंब नाही.

आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, अशी आपल्याकडे म्हण आहे. पण आडात आहे आणि पोहऱ्यात नाही, असे झाले तर म्हण कोणती वापरायची?

एकखांबी तंबू

ही म्हण एकदा खरीही ठरली होती. एकदा नव्हे, दोनदा. दोन्ही वेळा आडच आटला होता.

पहिली वेळ मी डोळ्यांनी पाहिली. ११ डिसेंबर १९६७, सोमवार. पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटे. मी नऊ वर्षांची होते. आईने मला गोधडीसकट उचलून अंगणात टाकले एवढेच आठवते, आणि जमिनीखालून आलेला तो आवाज, जणू दगडांनी भरलेल्या शंभर बैलगाड्या एकदम धावत आहेत. कोयनेच्या खोऱ्यात पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली. कोयनानगर जमीनदोस्त झाले. धरणाला तडे गेले, पण धरण उभे राहिले. वीजगृहातली यंत्रे थांबली आणि इकडे मुंबईचा वीजपुरवठा विस्कळीत झाला. अप्पा अंगणातून तसेच कंदील घेऊन निघाले. आई म्हणाली, "अहो, पुन्हा हादरा बसला तर?" ते म्हणाले, "मग आतच बरा. डोंगर घरापेक्षा मजबूत आहे." ते तिसऱ्या दिवशी घरी आले.

त्या पहाटे महाराष्ट्राला एक धडा मिळाला. एका मोठ्या खांबावर सगळा तंबू उभारला, तर खांब हलला की तंबू कोसळतो. पुढच्या दोन दशकांत नाशिक, कोराडी, परळी, भुसावळ, चंद्रपूर असे कोळशावरचे खांब रोवले गेले. कोयनेचे कामही बदलले. कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली, त्यामुळे ही यंत्रे रात्रंदिवस फिरवणे परवडत नाही. पण कोळशाच्या भट्टीला तापायला तास लागतात, तेथे पाण्याचे यंत्र काही मिनिटांत धावू लागते. तेव्हा संध्याकाळी सगळ्या महाराष्ट्रात एकदम दिवे लागतात त्या वेळी कोयनेला हाक मारायची, असा क्रम पडला. घरात रोजचा स्वयंपाक करणारी वेगळी आणि एकदम पन्नास पाहुणे आले की पदर खोचून उभी राहणारी वेगळी. कोयना ही दुसरी.

दुसरी वेळ आपल्या सर्वांना ठाऊक आहे. २००५ नंतरची सात-आठ वर्षे. मागणी आणि पुरवठा ह्यांत चार-पाच हजार मेगावॅटची तूट, आणि घरोघरी 'भारनियमन' हा नवा शब्द. ग्रामीण भागात दिवसाचे दहा-बारा तास वीज नसे. कोणत्या भागाची वीज किती वेळ घालवायची हे तेथली गळती आणि बिलांची वसुली पाहून ठरे. त्या वेळी माझे दहावीचे विद्यार्थी मेणबत्तीपुढे विद्युतधारेचा पाठ वाचीत होते, आणि मी फळ्यावर विद्युतमंडलाची आकृती काढीत होते!

त्यातली मोठी गंमत अशी, की चिपळूणच्या पूर्वेला पोफळी, आणि पश्चिमेला गुहागर तालुक्यात अंजनवेलला दाभोळचे वीजगृह. त्याचा ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ साली चालू झाला आणि २००१ मध्ये बंद पडला; वीजगृह पुन्हा सुरू झाले ते २००६ मध्ये. एका हाताला कोयना, दुसऱ्या हाताला दाभोळ, आणि मध्ये आम्ही मेणबत्ती घेऊन उभे. लोक चिडून म्हणत, "वीज इथे होते आणि जाते मुंबईला." मलाही तसेच वाटे. परंतु वीज ही काही शेजारच्या विहिरीचे पाणी नव्हे, की जवळ राहणाऱ्याने आधी भरून घ्यावे. पोफळीची वीज उंच मनोऱ्यांवरून राज्याच्या जाळ्यात जाते आणि तेथून सर्वांच्या वाट्याला येते. जाळ्यात कमी पडली की पोफळीच्या दारातही कमीच.

पुढे नवी वीजकेंद्रे आली, तूट भरून निघाली, आणि २०१२ नंतर रोजचे भारनियमन बहुतेक ठिकाणी संपले. अधूनमधून कोळसा कमी पडतो, उन्हाळा कडक जातो, पण एरवी आड भरलेला आहे. तरीही आमच्यासारख्या वाढत्या शहरांत वीज जाते. का जाते?

कागदावरचे पंखे

रात्री दोनच्या सुमारास मी खाली उतरले. वायरमन आणि त्याचे दोन सोबती गाडीची वाट पाहत जळक्या डीपीखाली बसले होते. त्यांना चहा दिला आणि त्याला विचारले, "काय रे, पाऊस नाही, वारा नाही, फांदी पडली नाही. मग डीपी गेली कशी?"

तो बॅटरीचा झोत आमच्या इमारतीवर फिरवीत म्हणाला, "बाई, कागदावर तुमच्या इमारतीत अजून पंखे आणि ट्यूबलाईटच आहेत."

मला क्षणभर कळले नाही. मग त्याच्या बॅटरीचा झोत कशावर फिरतो आहे ते पाहिले. प्रत्येक खिडकीबाहेर एक पांढरा खोका टांगलेला होता. मी मोजले. अठ्ठावीस घरांत बावीस वातानुकूलन यंत्रे.

पोफळीहून निघालेली वीज आपल्या दिव्यापर्यंत कशी येते, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वीजगृहातून ती उच्च दाबाने मोठ्या मनोऱ्यांवरून निघते, मोठ्या उपकेंद्रात उतरते, तेथून ३३ हजार व्होल्टच्या वाहिनीने शहराच्या उपकेंद्रात, तेथून ११ हजार व्होल्टच्या फीडरने गल्लीच्या कोपऱ्यावर. तेथे रोहित्र असते, ज्याला आपण सारे डीपी म्हणतो. ते दाब उतरवून घराजोगा, २३० व्होल्टचा करते. ह्या सगळ्या रस्त्यात शेवटचे शंभर-दोनशे मीटर सर्वांत दुबळे. आडातून काढलेले पाणी तेथेच गळते.

आता आमच्या कोपऱ्याचा हिशेब पाहा. आमची इमारत बांधली तेव्हा एका घरात संध्याकाळी चार दिवे, तीन पंखे, एक फ्रिज, एक दूरदर्शन. फार तर पाचशे वॅट. अठ्ठावीस घरांचे चौदा किलोवॅट. चार इमारतींचे छप्पन, आणि खालच्या दुकानांचे पंधरा. शंभर केव्हीएचे रोहित्र एवढा भार हसत पेलत होते. आता एका वातानुकूलन यंत्राला दीड-पावणेदोन किलोवॅट लागतात. सगळी यंत्रे एकाच वेळी चालत नाहीत हे खरे. म्हणून बावीसांपैकी सोळाच धरा. तरी एका इमारतीचे चौदाचे चाळीस झाले. चार इमारतींचे एकशे साठ. रोहित्र मात्र तेच, शंभराचे.

रोहित्र बिचारे लगेच मरत नाही. आतले तेल तापते, तारांवरचे वेष्टण कडक होत जाते. ठरल्या मर्यादेपेक्षा सहा-आठ अंश अधिक तापत राहिले, की त्या वेष्टणाचे आयुष्य निम्म्यावर येते. त्यातून फ्यूज उडू लागला की लोक ओरडतात, आणि ओरड थांबवायला कोठे कोठे फ्यूजला जाड तार बांधली जाते. जाड तार बांधली की फ्यूज वाचतो आणि डीपी मरते. भात उतू जाऊ नये म्हणून झाकणावर वरवंटा ठेवण्यातला हा प्रकार.

"मग मोठी डीपी का नाही बसवीत?" मी विचारले.

"बाई, नवीन बसवायची तर आधी भार दिसायला हवा ना कागदावर? तुमच्या बिलावर मंजूर भार किती आहे, बघितलंय कधी?"

मी घरात आले आणि बॅटरीच्या उजेडात बिल काढले. मंजूर भार: एक किलोवॅट. वातानुकूलन यंत्र बसवून चार वर्षे झाली होती. मुलाने आईच्या खोलीसाठी हौसेने बसवले होते. बसवणारा आला, भिंतीला भोक पाडले, पैसे घेऊन गेला. कोणालाही कळवावे लागते हे माझ्या स्वप्नातही आले नाही. आणि कळवले तर बिल वाढेल, अशी भीती ज्यांना ठाऊक असते त्यांनाही असते. त्या बावीस खोक्यांत एक माझा होता. पोहऱ्याचे एक भोक मीच पाडले होते.

सकाळी सातला गाडी आली. नवे रोहित्र साखळीने वर चढवताना चार माणसांचे शर्ट घामाने चिंब झाले. पावणेदहाला वायरमन जिना चढून वर आला आणि म्हणाला, "बाई, आता चालू करतो. पण एक काम करा. चारही इमारतींत सांगा, एसी बंद ठेवा. वीज आली की सगळं एकदम सुरू होतं, तो झटका नव्या डीपीलाही झेपायचा नाही."

मी माझ्या दुखऱ्या गुडघ्यांनी एकशे बारा घरांपैकी जितकी जमली तितकी दारे वाजवली. बहुतेकांनी ऐकले. नऊ वाजून पंचावन्न मिनिटांनी घुर्र आवाज सुरू झाला. नळकांड्यात एका तासाचा प्राणवायू उरला होता.

नकाशात जागा कोठे?

पुढच्या आठवड्यात आईच्या आग्रहावरून मी पोफळीला जाऊन आले. ती स्वतः येऊ शकत नव्हती. "तू बघून ये आणि मला सांग," म्हणाली. पाऊस सुरू झाला होता. कुंभार्लीच्या कड्यावरून ठिकठिकाणी पांढऱ्या धारा उतरत होत्या. वसाहतीजवळ उभी राहून मी डोंगराकडे पाहिले. आतली यंत्रे दिसत नाहीत, पण त्यांतून सुटलेले पाणी पुढे कोळकेवाडीच्या तलावात येते, अलोऱ्याची यंत्रे फिरवते आणि वाशिष्ठीत उतरून आमच्या चिपळूणवरून समुद्राला जाते. ह्या पाण्यासाठी शंभराच्या आसपास गावांनी आपली घरे आणि शेते सोडली. कोणी सोलापूरकडे गेले, कोणी सांगलीकडे, कोणी खाली कोकणात. खोऱ्यातल्या काही वाड्या तर जलाशयाच्या काठी राहूनही कितीतरी वर्षे दिव्यावाचून होत्या. एवढ्या मोलाने आणलेली वीज शेवटच्या दोनशे मीटरांत वाया घालवायला आपल्याला काही तरी वाटले पाहिजे.

मोठ्या वीजगृहाचा आराखडा करताना पंचवीस-तीस वर्षांपुढचा विचार होतो. पण गल्लीतल्या डीपीचा विचार ती जळाल्यावर होतो. ही मला सर्वांत मोठी तफावत वाटते. रेल्वे आली, वसाहती वाढल्या, मुंबईची माणसे निवृत्त होऊन गावी परतली. २०११ च्या जनगणनेत चिपळूण शहराची वस्ती पंचावन्न हजारांच्या घरात होती. त्यानंतर उभ्या राहिलेल्या इमारती मी गच्चीवरून मोजू शकते. आता दारात विजेवरच्या स्कूटरी येऊ लागल्या आहेत. त्या रात्रीच भरायच्या, म्हणजे वातानुकूलन यंत्रे चालू असतात त्याच वेळी!

नगराचा विकास आराखडा प्रसिद्ध झाला की आपण त्यात आपल्या जमिनीवरून रस्ता जातो का ते पाहतो. बाग कोठे, शाळा कोठे, बाजार कोठे ते पाहतो. वीज उपकेंद्राची जागा कोठे आहे, असे कोणी पाहिले आहे? आमच्याच सोसायटीत मागे डीपीसाठी दहा फूट जागा मागितली गेली तेव्हा एकमताने ठराव झाला, की जागा द्यावी. परंतु आमची नव्हे, शेजारची. त्या जागेवर आज दोन मोटारी उभ्या असतात.

आणि कोकणात नियोजन म्हणजे नुसती मोठी डीपी नव्हे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडकडचे खांब काडीसारखे मोडले. काही गावांना वीज मिळायला आठवडे लागले. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव नद्यांचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा शहर पाण्यात आणि अंधारातही होते. वादळाचा विचार केला तर तारा जमिनीखालून न्याव्यात. पुराचा विचार केला तर उपकरणे जमिनीपासून उंच, पूररेषेच्या वर चढवावीत. दोन्ही करावे लागेल, कारण आपल्याला दोन्ही संकटे ठाऊक आहेत. त्याबरोबर प्रत्येक भागाला दोन बाजूंनी वीज मिळेल अशी जोडणी हवी, म्हणजे एक फीडर गेला तर दुसऱ्यावरून निभावेल. १९६७ साली राज्याला मिळालेला एकखांबी तंबूचा धडा गल्लीपर्यंत पोचायला अजून वेळ आहे.

हे सर्व होऊ शकते. जर्मनीत अलीकडच्या वर्षांत एका ग्राहकाची वीज सरासरीने वर्षातून दहा ते पंधरा मिनिटे जाते. आमची एका रात्रीत सव्वाअकरा तास गेली. त्यांच्याकडे आपल्यापेक्षा जादूची तार नाही. ते प्रत्येक खंडाची मिनिटे मोजतात, आणि मोजलेल्या गोष्टीची लाज वाटते. आपल्या राज्यातही वीज नियामक आयोग आहे, त्याने सेवेची कृतिमानके ठरवली आहेत. पण ती मागायला ग्राहकाने आधी स्वतःचा भार खरा सांगायला हवा. नियोजन करणाऱ्याला अंतर्ज्ञान नसते. त्याला तुमच्या खिडकीबाहेरचा खोका दिसत नाही, कागद दिसतो.

घरी आल्यावर आईला सारे सांगितले. तिने एकच विचारले, "म्हणजे पोफळीचं काही चुकलं नव्हतं?"

"नाही गं."

"मग चालेल," ती म्हणाली आणि डोळे मिटून पडली. अप्पांच्या यंत्रांवर बोल आला नाही, एवढ्यावर तिचे समाधान झाले.

माझे मात्र झाले नाही. मी मंजूर भार वाढवण्याचा अर्ज भरला. नंतर सोसायटीची सभा बोलावली आणि फळा नसताना खडूशिवाय चौदाचे चाळीस कसे झाले ते समजावून सांगितले. पुष्कळ वाद झाला. शेवटी दोन मोटारींची जागा दुसऱ्या रोहित्रासाठी द्यावी असा ठराव झाला, आणि ह्या वेळी ती आमची जागा होती. अठ्ठावीसपैकी एकोणीस घरांनी अर्ज भरले. उरलेले नऊ जण "बघू, दिवाळीनंतर" म्हणतात.

त्या नऊ घरी ह्या दिवाळीला फराळाचे ताट घेऊन मी स्वतः जाणार आहे. चकल्या आईच्या देखरेखीखाली झाल्या आहेत, तेव्हा ताट कोणी परत करणार नाही. ताटाखाली अर्जाचा कोरा कागद असेल. वाचकहो, आपणही हा अंक खाली ठेवण्यापूर्वी विजेचे बिल काढून मंजूर भाराचा रकाना एकदा पाहा. मग खिडकीबाहेर पाहा.